पडद्याच्या मागून पाहिलेला राजा

तार आली तेव्हा मी चोपड्याला लेकीच्या घरी होते. ओट्यावर बसून उडदाची डाळ पाखडत होते, तेवढ्यात तारवाला भिंतीला सायकल टेकवून दारात उभा राहिला. हातातलं सूप हातातच राहिलं. तार इंग्रजीत असते. मी चौथी शिकलेली, लेक माझ्याहून थोडी जास्त, पण इंग्रजी दोघींनाही येत नाही. जावई शेतावर गेलेले. शेजारचे मास्तर शाळा सुटल्यावर येणार. तोवर तो बंद लिफाफा देवापुढे ठेवून आम्ही दोघी समोर बसून राहिलो. मी मनातल्या मनात घरातल्या एकेकाचं नाव घेत होते. ह्यांचं घेतलं, मुलांचं घेतलं, सुनेचं घेतलं, आणि प्रत्येक नावाला देवाला म्हणत होते, हे नको. शेवटी अक्कांचं नाव आलं... आणि तिथे 'हे नको' म्हणायला तोंडच उघडेना. मास्तर येण्याआधीच मला कळलं होतं.

अक्का म्हणजे माझ्या नणंद, ह्यांच्या थोरल्या बहीण. शेवटची बरीच वर्षं त्या जळगावला आमच्याकडेच होत्या. अखेरीला एक अंग लुळं पडलेलं, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. चोपड्याला निघताना मी खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, "अक्का, येते हं." त्या वळल्या नाहीत, त्यांना वळता येत नव्हतं. भिंतीवर खिळ्याला आरसा टांगलेला होता, त्यातूनच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये. पण जाताना रडकं तोंड करू नको, ते काम तुला जमत नाही." त्या आरशाचं पुढे सांगते. आता त्यांना जाऊन महिना उलटून गेला. रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात ते मी वाचते. ती माणसं बहुतेक वकील, मास्तर, नाहीतर देशासाठी तुरुंगात गेलेली. अक्कांबद्दल कोण लिहिणार? म्हणून दुपारच्या उजेडात मीच लिहायला बसते. रात्रीच्या दिव्याला रॉकेल मिळत नाही, आणि कोणी पाहील ही धास्तीही असतेच.

मी लग्न होऊन धुळ्याच्या घरात आले तेव्हा मला सगळ्यांची भीती वाटायची, आणि सगळ्यांत जास्त नानांची. नाना म्हणजे माझे थोरले दीर, घरातले कर्ते. शेती खेड्यावर, आम्ही राहायला गावात. पाटलांचं घर म्हणून घरातल्या बायकांनी दिवाणखान्यात पाऊल टाकायचं नाही, मधल्या दाराला जाड पडदा. नाना खाकरले तरी माझे हातपाय गार पडायचे. त्या घरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं माणूस म्हणजे अक्का. त्या घरात अहिराणीच बोलायच्या. मी इथे बहुतेक आपल्या लिहायच्या भाषेत लिहिते, पण काही शब्द त्यांचेच राहू देते, जसं 'आहे'ला त्या 'शे' म्हणायच्या.

अक्कांना वैधव्य फार लवकर आलं. त्यांचं सासर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिथे दाणे साठवायची एक कोठी होती, खिडकी नसलेली. नवरा गेल्यावर दिरानं त्यांना कोपरा पाळायला म्हणून त्या कोठीत बसवलं, आणि रीतीचे दिवस उलटून गेल्यावरही बाहेर काढलं नाही. नाना भेटायला गेले तेव्हा त्यांना ते पाहवलं नाही. ते बहिणीला तसंच गाडीत घालून घेऊन आले. एवढं केलं खरं, पण वाड्यात पाऊल टाकायच्या आधी म्हणाले होते, "गोदा, इथं पाटलांच्या घरची म्हणून राहा. चारचौघांत नाव निघालं, तर साक्रीची वाट आहेच." हे अक्कांनीच मला सांगितलं होतं, हसत हसत. मी हसले नव्हते. मला तेव्हापासून रात्रंदिवस एकच धाक लागला, की अक्कांच्या हातून काहीतरी होईल आणि त्यांना पुन्हा त्या कोठीत जावं लागेल. कारण तोंड मिटून बसणं हे काही अक्कांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत असायचं.

अक्कांना वाचता येत नव्हतं. माझे हे मला वाचनालयातून अद्भुत कादंबऱ्या आणून द्यायचे, गुपचूप, आणि मी त्या अक्कांना वाचून दाखवायची. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर ज्वारीचे बिबडे वाळत घालायचे, आणि एका बाजूला सावलीत बसून कावळे हाकत वाचायचं. भुयारं, यक्षिणी, अंगठी फिरवली की अदृश्य होणारे राजपुत्र... मी वाचता वाचता घाबरायची, अंगावर काटा यायचा. अक्का मात्र मध्येच हात वर करायच्या. "थांब. ती राजकन्या भुयारात बारा वर्षं होती म्हणतोस ना तू?" जणू लेखक समोरच बसलाय. "मग तिला भाकर कोण देत होतं?" मी पानं मागेपुढे करायची. लेखकानं ते लिहिलेलं नसायचं. "हे बघ, लिहिणारा बाप्या शे. त्याला भाकर आपोआप ताटात येते असंच वाटतं. पुस्तक चांगलं आहे, पण अर्धं." त्यांच्या मते जगातली बरीचशी पुस्तकं अर्धी होती.

मग त्या वर्षी देवीच्या यात्रेत, पांझरेच्या काठी, सिनेमाचा तंबू आला. तेव्हा चित्रं बोलत नव्हती. पुरुष तंबूत पुढे बसायचे आणि बायकांची जागा पडद्याच्या मागे. पडदा साध्या कापडाचा, खेळाच्या आधी बादल्यांनी भिजवायचे म्हणजे चित्र पलीकडेही उमटायचं. देवीला नारळ द्यायचा म्हणून आम्ही दोघी घरातून निघालो. नारळ दिला, आणि अक्का परतीच्या वाटेला न लागता सरळ तंबूकडे वळल्या. मी त्यांचा पदर धरला. "अक्का, नाना..." त्या म्हणाल्या, "नाना पलीकडच्या बाजूला बसणार आहेत. मध्ये पडदा आहे. घरात तरी काय वेगळं शे?"

त्या तंबूत मला काय वाटलं ते अजून आठवतं. अंधार, ओल्या कापडाचा वास, यंत्राचा खडखडाट, आणि पडद्यातून डोळ्यात घुसणारा पांढरा उजेड. आग लागली तर बाहेर कुठून पडायचं हेच मी शोधत होते. चित्र एका राजाचं होतं. तो सत्यवचनी राजा, एका तपस्व्याला राज्य देऊन टाकतो, आणि मग राणीला रानात एकटीला जावं लागतं. मध्ये मध्ये अक्षरं यायची. अक्कांनी मला कोपर मारलं, "वाच." मला एक अक्षर लागेना. सगळी उलटी, पाठमोरी. "चौथी शिकेल शे ना तू?" अक्का चारजणींना ऐकू जाईल अशा बोलल्या, "मास्तरला पैसे परत मागायला पाहिजेत!" शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या, आणि मी पदर तोंडावर ओढला. पलीकडून पुरुषांची 'वाहवा' ऐकू येत होती. त्यात नानांचा आवाज मी ओळखला. तेवढं कापड मध्ये होतं, ओलं, पातळ.

दुसऱ्यांदा गेलो ते माझ्याच फणेरपेटीमुळे. तिच्यातला कुंकू लावायचा लहान आरसा मी कनवटीला लावून नेला. पडद्याकडे पाठ करून आरसा डोळ्यांसमोर धरला की अक्षरं सरळ व्हायची. अक्षरं आली की मी पाठ फिरवायची, वाचून दाखवायची. चित्र आलं की पुन्हा पडद्याकडे. आजूबाजूच्या बायकाही गप्प होऊन ऐकू लागल्या. मी एवढ्या माणसांत कधी बोलले नव्हते. मध्येच मी आरसा अक्कांपुढे धरला, म्हटलं, बघा ना किती गंमत. त्यांनी हात मागे घेतला. विधवेनं आरसा धरायचा नसतो, हे मी त्या भरात विसरले होते. "मला पडदाच बरा," एवढंच त्या म्हणाल्या.

अक्षरं उलटी, तसे माणसांचे हातही उलटे, हे काही आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नाही. अक्कांनी त्या राजावर आपलं मत केलं ते दान देण्याच्या प्रसंगावरून. राजा तपस्व्याच्या हातावर उदक सोडतो, आणि आमच्या बाजूला तो ते डाव्या हातानं सोडत होता. परत येताना अक्का नदीच्या वाळूतून ताडताड चालत होत्या. "सत्यवचनी म्हणे! डाव्या हातानं उदक सोडलं त्यानं, पाहिलंस ना? देवाचं कार्य कोणी डाव्या हातानं करतं का? मनात नव्हतंच त्याच्या. राणी येडी. तिनं तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते त्या चित्रापेक्षाही चांगलं वाटलं.

यात्रा संपायच्या आत नानांकडे एक वकील जेवायला आले. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी दिवाणखान्यात पान खात बसली, आणि आम्ही पडद्याच्या आत उष्टी काढत होतो. विषय त्याच चित्राचा निघाला. नानांचा आवाज भरून आला होता. "वकीलसाहेब, राजा असावा तर असा. दान देताना हात थरथरला नाही त्याचा." मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता, आणि ओठ हलायला लागले होते. मी डोळ्यांनी म्हटलं, नको. मी मान हलवली, हात जोडले... अक्का पडद्याला तोंड लावून म्हणाल्या, "कसला सत्यवचनी, नाना? उदक तर डाव्या हातानं सोडलं त्यानं!"

बाहेर वकील मोठ्यानं हसले. मनाचे वाईट नव्हते ते. "अहो पाटील, पडद्याच्या मागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं! आमचं कुटुंबही तिकडेच बसलं होतं. म्हणजे तुमच्या भगिनीही..." पुढचं ते बोलले नाहीत, कारण नानांचा चेहरा त्यांना दिसत होता. आम्हाला दिसत नव्हता. आम्हाला फक्त पानाचं तबक खाली ठेवल्याचा आवाज आला. अक्का तांब्या हातात धरून तशाच उभ्या. हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे उजवाच हात होता का गं?" त्या वेळीही त्यांना त्याचंच पडलं होतं.

नाना ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अक्कांशी बोलायचेच थांबले. आणि रोज सकाळी उठले की मी आधी दारात जाऊन पाहायची, साक्रीला न्यायला दमणी, बैलगाडी, उभी आहे का. कधी दूधवाला दिसायचा, कधी भंगारवाला, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. एके दिवशी ती उभीच होती. बैलांच्या तोंडाला दोरीच्या जाळीची मुंगसं बांधलेली, गाडीवान साक्रीकडचा. "चला बाई, ऊन चढी राह्यनं," तो म्हणाला. अक्कांनी गाठोडं उचललं. मी त्यांच्या पाया पडले तर त्यांचे पाय थंडगार होते. चैत्राच्या उन्हात. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी एकटीच भीत नव्हते. नाना दिवाणखान्यात पाठमोरे बसून होते. माझे हे खेड्यावर गेलेले होते, आणि असते तरी मोठ्या भावासमोर काय बोलणार होते?

पुढे ह्यांना जळगावला कापसाच्या एका जिनात नोकरी लागली आणि आम्ही वेगळे झालो. साक्रीकडून निरोप यायचा नाही. मला स्वप्नात ती न पाहिलेली कोठी दिसायची. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा मी एका संध्याकाळी ह्यांच्यापुढे उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते, पण आवाज फुटेना. हे म्हणाले, "काय झालं? पोटात दुखतंय का?" मी म्हटलं, "बाळंतपणाला अक्का हव्यात. दुसरं कोणी नको." एवढंच वाक्य. हे म्हणाले, "नानांना मी पाहून घेतो." आणि स्वतः जाऊन घेऊन आले.

अक्का आल्या. पण माझ्या अक्का आल्याच नाहीत. सांगितलेलं काम करायच्या, दिलेलं खायच्या, आणि दार लावलेलं असलं तर ते उघडायला कोणाची तरी वाट पाहत उभ्या राहायच्या, नुसतं लोटलेलं असलं तरी. काही विचारलं की "चांगलं आहे." भाजी कशी झाली? चांगली. बाळ कोणासारखं दिसतं? चांगलं. मी नवी कादंबरी आणली, तिच्यातही भुयार होतं, आणि वाचताना मी मुद्दाम थांबले. आता विचारतील, भाकर कोण देत होतं. त्या गहू निवडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "ती काय खात असेल ते माहीत झालं आता मला." मी पुस्तक मिटलं. ते पुन्हा उघडलं नाही.

तोवर गावात बोलपटाचं पक्कं थिएटर झालं होतं. बायकांना बसायला एका अंगाला लाकडी आडोसा घातलेली जागा, पण पडद्याच्या समोर. ह्यांनी स्वतः तिकिटं काढून आम्हाला नेलं, उघड्या टांग्यातून. पाहिलं, परत आलो. मी विचारलं, "कसा वाटला?" "चांगला होता." मला रडू यायला लागलं. पुन्हा दुसरा खेळ आला, पुन्हा नेलं. असं कितीदा तरी. मला त्या चित्रांचं काही सुख नव्हतं. मी अंधारात त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायची, की आत कोणी जागं आहे का. त्यांना साक्रीहून परत आणलं, तरी त्या दिरानं त्यांचं ते मत देणं तेवढं नेमकं तिकडे ठेवून घेतलं असेल, अशी मला धास्ती पडली होती.

एका बोलपटात पुन्हा एक राजा होता आणि पुन्हा दान होतं. राजानं उदक सोडलं, उजव्या हातानं, स्वच्छ, मोठं दिसेलसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का पुढे वाकल्या. घरी येऊन पायावर पाणी घेताना मी काही न विचारता त्या म्हणाल्या, "इकडून बसलं की बठ्ठेच, सगळेच राजे उजव्या हाताचे दिसतात." मी हातातली घागर खाली ठेवली. त्या आणखी म्हणाल्या, "मागून बसलं म्हणजे कळतं." त्यांचं म्हणणं चूक की बरोबर हे मी ठरवू शकत नाही. मला एवढंच कळलं, की अक्का आल्या.

त्यानंतर मात्र त्यांनी मागचं सगळं भरून काढलं. एका नटीबद्दल म्हणाल्या, ही रडताना पदर सारखा करते, हिचं कोणी मेलेलं नाही. शेतीचं प्रदर्शन भरलं तेव्हा बायकांच्या दिवशी आम्ही गेलो. केळीचे घड, कपाशीची बोंडं, पेंढा भरलेला वाघ. अक्का म्हणाल्या, वाघ बरा आहे, पण शिवणाऱ्यानं त्याला जावयासारखं तोंड दिलंय. कडेच्या मांडवात खेड्यापाड्यांतून आणलेल्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. त्यात एक सतीचा दगड होता. कोपरात वळलेला नुसता एक हात, वर सूर्यचंद्र, आणि मनगटभर बांगड्या. मी नमस्कार करून पुढे गेले. वळून पाहते तर अक्का तिथेच. त्यांनी आपला रिकामा हात दगडाच्या हाताशेजारी धरला होता. पहारेकरी म्हणाला, "बाई, हात लावू नका." अक्का म्हणाल्या, "लावत नाही बाबा. मोजून पाहते, कोणाला महाग पडलं ते." परतताना त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि त्या दगडाविषयी पुन्हा एक शब्द काढला नाही.

मग ते दुखणं आलं. उजवं अंग गेलं, आणि त्या कुशीवर भिंतीकडे तोंड करूनच त्यांना बरं वाटायचं. दिवसभर समोर नुसती भिंत. एकदा दार लोटून मी आत गेले तर त्यांचा श्वास भरभर चाललेला, अंगाला घाम. "कोण आहे? दार उघडं आहे ना?" मी म्हटलं, उघडं आहे. "मला दिसत नाही गं." मला कोठी आठवली. मी उठले, फणेरपेटीतला तो आरसा काढला, आणि निजल्या निजल्या त्यांना दिसेल एवढ्या खाली भिंतीला खिळा ठोकला. त्या नको म्हणतील, आता या वयात पाप कशाला म्हणतील, अशी भीती होती. त्यांनी आरशात पाहिलं. स्वतःकडे नाही, मान तेवढी हललीच नसती. त्यात पाठीमागचं दार दिसत होतं, उघडं, आणि दारापलीकडे अंगणाचा तुकडा. म्हणाल्या, "जागा चांगली शे. आता खेळ लाव."

तेव्हापासून आमचं घर हाच त्यांचा सिनेमा झाला. दारातून जो आत येईल त्याच्यावर मत. सून आली की, "हिचं काम साधं आहे, म्हणून खरं वाटतं." हे औषध घेऊन आले की, "तुझा नवरा आज डाव्या हातानं पेला देतोय," आणि खुदकन हसायच्या, कारण आरशात तो डावाच दिसायचा आणि ही गंमत आता त्यांना ठाऊक होती. एकदा नाना आले, थकलेले, काठी टेकत. दारातच थांबले. आरशात दोघांची नजरानजर झाली. नाना आल्या पावली वळले. ते गेल्यावर मी भीत भीत अक्कांजवळ बसले. त्या म्हणाल्या, "आत आले असते, तर खेळ पुरा झाला असता. हाही अर्धाच ठेवला." मग पाणी मागितलं.

चोपड्याहून परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. खोली सारवून घेतलेली, बाजेवर काही नाही. सुनेनं विचारलं, "आत्याबाईंचा आरसा काढून ठेवू का? मेलेल्या माणसाच्या खोलीत आरसा उघडा ठेवू नये म्हणतात." मी म्हटलं, राहू दे. मला त्या आरशाची भीती वाटते, हे तिला सांगितलं नाही. त्या खोलीत दिवा लावायला गेले की आरशात आधी दार दिसतं, मग दारातून मी आत येताना दिसते, वाकलेली, पदर सावरत, हातात निरांजन. आणि मी तिथेच थांबते. आता त्या काहीतरी म्हणतील... वात बारीक होते, हाताला चटका बसतो, तरी मी उभीच असते. दार मात्र मी कधीच लावत नाही.